थांबा ना जी!

आमच्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्या दिवसाची तारीख घरात कुणालाच धड सांगता येत नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात भेटायला कोण कोण आलं, कुणी चहा घेतला आणि कुणी नुसत्या पाण्यावर भागवलं, हे आई आजही ओळीने सांगते. २०२२ ची दिवाळी नुकतीच उलटली होती. धानाची कापणी चालू होती. कापणीच्या दिवसांत आमच्या तिरोड्यात माणसाला मरायलाही सवड नसते. पण दुसऱ्याच्या आजारपणाला सल्ला द्यायचा म्हटलं की ती कशी कोण जाणे, निघते.

एकाने कबुतराच्या रक्ताची मालीश सांगितली. दुसऱ्याने, गुरुजी जन्माचे शाकाहारी, त्यांना कबूतर कसं चालेल, असा मुद्दा काढला. त्यावर तिसरा म्हणाला, "पोटात थोडंच घ्यायचंय? बाहेरूनच तर लावायचंय." या शास्त्रार्थाच्या मधोमध बाबा खाटेवर पडून होते आणि ज्याला कबूतर लावायचं त्याचं मत कुणीच विचारत नव्हतं. विचारलं असतं तरी ते एवढंच म्हणाले असते, "बे."

हे 'बे' प्रकरण नीट सांगायला हवं. मेंदूची डावी बाजू बिघडली की शरीराची उजवी बाजू जाते, आणि बोलण्याचं खातंही बहुतेकांचं त्याच डाव्या बाजूला असतं. त्यामुळे बाबांचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि भाषाही गेली. चौतीस वर्षं शाळेत शुद्धलेखन शिकवलेला हा माणूस. रेल्वेने इंग्रजी पाटीवर तिरोड्याच्या 'डा'चा 'रा' केला, म्हणून फलाटावर उभं राहून जन्मभर चिडलेला. त्याला आता 'पाणी' म्हणता येईना. मात्र डॉक्टर म्हणाले की नेहमीचे शब्द गेले तरी जिभेला पाठ झालेलं पुष्कळदा शिल्लक राहतं. आकडे राहतात, वारांची नावं राहतात, आरत्या राहतात आणि काहींच्या बाबतीत, सांगायला हरकत नाही, शिव्या राहतात. आमच्या बाबांच्या वाट्याला पाढे आले. आई म्हणते, ही देवाची कृपा. घरात सून आहे.

तर 'बे एके बे' हा पाढा बाबांना सबंध येत होता आणि 'बे' हा सुटा शब्द सगळ्या कामांना पुरत होता. लांब 'बेऽऽ' म्हणजे पाणी. तुटक 'बे' म्हणजे नको. दोनदा 'बे बे' म्हणजे घाई आहे, भांडं आणा.

आता प्रश्न आला की हे सगळं करायचं कुणी? आईचे गुडघे सत्तरीतले. मी पुण्याला. म्हणजे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, आणि माझी बायको माझ्याही पलीकडच्या टोकाला, कारण तिच्या बँकेत मार्चअखेर हा नोव्हेंबरपासूनच सुरू होतो. तेव्हा बाई ठेवायची असं ठरलं. पूर्वी बाई ठेवली म्हणजे लोक वेगळा अर्थ काढत. आता चौकशी करतात, "बारा तासांची का चोवीस?"

पहिल्यांदा नागपूरच्या एका ब्युरोमार्फत एक 'ब्रदर' आला. त्याच्या अटींचा कागद आमच्या घराच्या खरेदीखतापेक्षा लांब होता. आंघोळ घालीन, पण आंघोळीचं पाणी तापवणार नाही. भरवीन, पण ताट उचलणार नाही. कूस बदलीन, चादर बदलणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिरोड्याचा बाजार पायी पाहून घेतला आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो नागपूरला परत गेला. नंतर लांबच्या नात्यातली एक आत्या आली. तिने कुठलीच अट घातली नाही. ती फक्त बाबांकडे बघून रडायची. बाबांना भरवताना रडायची, औषध देताना रडायची. आठवड्याभरात बाबांपेक्षा तिचीच तब्येत जास्त बिघडली आणि आईला दोघांचं करावं लागलं.

मग मुंडीकोटेवाली आली.

मुंडीकोटा हे आमच्या अलीकडचं स्टेशन. तिथलं हिचं माहेर, म्हणून गल्लीत ती मुंडीकोटेवाली. आम्ही मावशी म्हणतो. वय पन्नासच्या आसपास, बांधा काटक, तोंडात खर्रा. अनुभव काय, असं मी फोनवरून विचारलं, तर म्हणाली, "सासूले सात वर्सं केलं. तिच्या पाठीले एक फोड नाई आला. आखीन का सांगू?"

पाठीला एक फोड न येणं ही काय पदवी आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. पडून राहणाऱ्या माणसाची कूस दोन-दोन तासांनी बदलली नाही, तर पाठीला, टाचांना जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत जातात. सात वर्षं म्हणजे किती वेळा कूस बदलली असेल याचा हिशेब बाबांनी पाढ्यात केला असता. मी आपला तिला म्हणालो, "बरं, उद्यापासून या."

आणि माझ्यावरची जबाबदारी म्हणून मी बाबांच्या खोलीत कॅमेरा बसवला.

हल्ली हे फार सोपं झालं आहे. भिंतीवर मुठीएवढं यंत्र लावायचं आणि पुण्यात ऑफिसात बसून फोनवर तिरोड्याची खाट बघायची. ज्यांना आई-वडिलांजवळ राहता येत नाही त्यांना लांबून खोट काढण्याची सोय विज्ञानाने करून दिली आहे. मी ती पुरेपूर वापरली. पहिल्याच सकाळी मला काय दिसलं? बाबा कमोडच्या खुर्चीतून उठून साध्या खुर्चीत बसलेले. अंगात शर्ट, बटणं उघडी. बाबा डाव्या हाताने एक बटण लावायला धडपडताहेत. बटण निसटतंय. पुन्हा धरताहेत. पुन्हा निसटतंय. आणि मुंडीकोटेवाली? ती समोर स्टुलावर बसून खिडकीबाहेर बघत होती!

मी घड्याळ लावलं. सात मिनिटं झाली. एक बटण. मी फोन केला.

"मावशी, अहो त्यांची बटणं लावा ना!"

"थांबा ना जी," ती म्हणाली. "करून रायले ना ते."

"पण त्यांना जमत नाही."

"जमत नाई म्हणूनच करून रायले. जमलं असतं तं मंग कायले केलं असतं?"

हे वाक्य तर्कशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात बसेल ते मला सांगता आलं नाही, म्हणून मी फोन ठेवला आणि आईला लावला. आईची तक्रार तर माझ्याहून मोठी होती. "अरे, ती ह्यांना पाणीसुद्धा देत नाही! तांब्या-पेला डाव्या हाताशी ठेवते आणि म्हणते, घ्या गुरुजी. हे निम्मं सांडतात. मी द्यायला गेले तर मलाच हात धरून बसवलं." मग थोडी थांबून म्हणाली, "पन्नास वर्षांत मी ह्यांना कधी हाताने पाणी घेऊ दिलं नाही."

आता विचार केला म्हणजे वाटतं, बाबांना रोजच्या कामात मदत लागते हे आम्हाला २०२२ साली कळलं, पण ती त्यांना १९७३ पासूनच लागत होती. सकाळी आंघोळीचं पाणी काढलेलं, धोतर पिळून ठेवलेलं, ताट वाढलेलं, चष्मा हातात, छत्री दारात. आपल्याकडे निम्म्या लोकसंख्येला ही घरपोच सेवा लग्नाच्या दिवसापासून मिळते आणि तिला ब्युरो नसतो, बारा तासांची ड्युटी नसते, रविवारची सुट्टी नसते. फरक इतकाच की धडधाकट माणसाला दिली की तिला संसार म्हणतात आणि आजारी माणसाला दिली की शुश्रूषा.

तर मी कॅमेऱ्यातून खोटा काढत राहिलो आणि मुंडीकोटेवाली "थांबा ना जी" म्हणत राहिली. आंघोळीच्या वेळी ती कॅमेऱ्यावर दुपट्टा टाकायची. एकदा दुपट्टा दोन तास तसाच राहिला. मी विचारलं, तर म्हणाली, "गुरुजीले शरम वाटते, भाऊ. तुमाले नाई वाटत का?" मी विषय बदलला.

महिन्याला जाणारे पैसे आणि स्टुलावर बसलेली बाई यांचा गुणाकार माझ्या डोक्यात चालूच होता. जूनच्या शेवटी मी जवळजवळ ठरवलंच होतं की बाई बदलायची. तोच तिचा फोन आला. "भाऊ, मी पंधरा दिस येत नाई. रोवणी हाये."

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की गोंदिया जिल्ह्यात रोवणी म्हणजे काय. धानाचे पऱ्हे आधी एका जागी दाट पेरतात. तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की उपटून, चिखल केलेल्या बांधीत बायका वाकून ओळीने लावत जातात. पाऊस उभा राहिला आणि पऱ्हे तयार असले की मग थांबायचं नाही. वय झालेलं रोप फुटवा कमी धरतं. त्या दिवसांत तिरोडा तालुक्यात तुम्हाला तहसीलदार सापडेल, पण कामाला बाई सापडणार नाही. इथल्या वीजप्रकल्पाची पाच युनिटं मिळून ३,३०० मेगावॉट वीज तयार होते म्हणतात, पण रोवणीला शेवटी बाईची कंबरच लागते. मुंडीकोटेवालीचा स्वतःचा एक एकर होता आणि तिने इतरांच्या बांधीत हात दिला तरच इतर तिच्या बांधीत येणार होत्या.

"पण बाबांचं काय?" मी म्हणालो.

"गुरुजी सालभर हायेत. रोवणी पंधरा दिस. तुमी या ना!"

म्हणून जुलै २०२३ मध्ये मी रजा टाकून, चोवीस तास गाडीत काढून, पावसात तिरोड्याच्या फलाटावर उतरलो. मनात म्हटलं, त्यात काय आहे? बाई तर बसूनच असते.

पहिल्या सकाळी बाबांना उठवायला मी त्यांचा हात धरून ओढला. नेमका उजवा. त्यांनी पाढा न म्हणता जी आरोळी ठोकली ती ऐकून शेजारचे धावत आले. लुळ्या हाताला असं ओढलं तर खांदा निखळतो, हे मला ठाऊक नव्हतं. आईने कोपऱ्यात टांगलेलं जुन्या लुगड्याचं पट्ट्यासारखं शिवलेलं कापड दाखवलं. ते बाबांच्या कमरेला बांधायचं, त्याला धरायचं आणि खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडे ठेवायची. मी सगळं केलं. बाबा उठेनात. मी जोर लावला. उठेनात. आई म्हणाली, "अरे, पाढा म्हण."

"कसला पाढा?"

"बेचा. त्याच्याशिवाय हे उठत नाहीत."

मी पंचेचाळीस वर्षांचा इसम, दोन पदव्या घेतलेला, बापाच्या कमरेला लुगडं बांधून म्हणालो, "बे एके बे." बाबा पुढे वाकले. "बे दुणे चार." पाय मागे घेतले. "बे त्रिक सहा." बाबा उठून उभे! उठताना दोघांचा जोर एकाच क्षणी लागावा म्हणून मुंडीकोटेवालीने हा ताल बसवला होता. शाळेचं तोंड फारसं न बघितलेल्या बाईने निवृत्त हेडमास्तरांना पाढ्यावर उभं केलं होतं.

मग शर्ट. घालताना आधी दुखरा हात, मग चांगला. काढताना आधी चांगला, मग दुखरा. मी उलट केलं आणि दहा मिनिटं बाप-लेक एकाच शर्टात अडकून पडलो. मग जेवण. मी ऐसपैस उशी लावून, त्यांना आडवं-तिरकं बसवून पाणी पाजलं. असा ठसका लागला की माझाच श्वास बंद झाला. झटक्यानंतर गिळण्याचे स्नायूही आळसावतात. पातळ पाणी पटकन भलत्या नळीत उतरतं, त्यापेक्षा दाटसर पेज बरी. माणूस ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली हवी, घोट लहान हवा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हे सगळं फिजिओथेरपिस्टने आम्हा सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं. आम्ही माना डोलावल्या होत्या. लक्षात फक्त तिने ठेवलं.

पाचव्या दिवशी माझी कंबर धरली. रात्री तीनदा भांडं. एका 'बे बे'ला मी दोन मिनिटं उशीर केला आणि मग पहाटे चार वाजता चादर, गादी, बाबा आणि मी अशी चौघांची आंघोळ झाली. ओल्या अंगाने बाबा खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे तोंड करून हळूहळू म्हणत होते, "बे एके बे... बे दुणे चार..." त्यात मागणं काही नव्हतं. लहान मूल अंधारात जसं पुटपुटतं तसं. हे मला कॅमेऱ्यात कधी दिसलं नव्हतं.

झोप उडाली म्हणून मी फोनवर वाचत बसलो. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली अशा मदतीसाठी वेगळा विमाच काढला. जपानात चाळिशीपासून हप्ता कापतात आणि म्हातारपणी कुणी घरी येऊन उठता येतं का, जेवता येतं का, कपडे घालता येतात का, असं विचारून माणसाला सात पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर निघाली आणि त्यांच्यासाठी २००७ सालचा कायदा आहे. आई-वडिलांना सांभाळलं नाही तर मुलांकडून महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च वसूल करता येईल, असं त्यात म्हटलंय. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी सगळं आहे. कायद्याने शर्ट मिळतो. तो अंगात कुणी घालायचा आणि बटणासाठी सात मिनिटं कुणी थांबायचं, हे त्यात नाही.

त्या पंधरा दिवसांत मी बाबांची बटणं लावली नाहीत असा एकही दिवस गेला नाही. मला घाई होती. कसली ते विचारू नका. रजेवर होतो, कुठे जायचं नव्हतं. पण समोरच्याची बोटं चुकताना बघणं हे ओझं उचलण्याहून जड काम आहे. सगळ्यांना वाटतं ती बाई बसलेली असते. ती बसलेली नसते, तिने स्वतःचे हात धरून ठेवलेले असतात. बाबा मात्र मी बटणं लावताना छताकडे बघत राहायचे. शाळेत कुणी शेजारच्या मुलाला उत्तर सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर असेच भाव यायचे.

सोळाव्या दिवशी मुंडीकोटेवाली आली. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या, चेहरा रापलेला. बाबांकडे बघून म्हणाली, "गुरुजी, पोट्ट्यानं लाडावून ठेवलं वाटते तुमाले!" आणि बाबा हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले. मी तिला म्हणालो, "मावशी, पुढच्या महिन्यापासून थोडे पैसे वाढवून देतो." तर म्हणाली, "द्या. पन थो कॅमेरा काढा."

कॅमेरा लगेच काढायचा मला धीर झाला नाही. पुण्याला आल्यावर ऑगस्टमध्ये एकदा सकाळी लावून बघितला. बाबा खुर्चीत. डाव्या हाताने बटणं चालू. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला लक्षात आलं की पहिलंच एक घर वर लागलंय. माझा हात फोनकडे गेला. मुंडीकोटेवाली खिडकीबाहेर बघत होती. बाबांनी चुकलेलं सगळं सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शुद्धलेखनाच्या वहीत ते आम्हाला सबंध ओळ पुन्हा लिहायला लावत. मी हात परत घेतला. त्या दिवशी ऑफिसला पाऊण तास उशीर झाला. साहेबांना मी कारण सांगितलं, "बटण." त्यांना वाटलं माझंच.

संध्याकाळी आईला फोन करून कॅमेरा काढून ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, "तो केव्हाच काढून टाकलाय. मघाशी सुताराला बोलावलं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ऐक ना, हे आता पाणी स्वतः ओतून घेतात. आज तर पेला भरला आणि माझ्याकडे धरून म्हणतात, 'बे?'"

"मग?"

"मग काय, प्याले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा." आणि लगेच जोडलं, "निम्मं माझ्या लुगड्यावर सांडलं ते सोड."